डल्सी ब्लँचर्ड आणि यादीतलं चौदावं पुस्तक

डल्सी ब्लँचर्ड अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसली, आणि या अकरा वर्षांत बिस्किटांचा डबा उघडा टाकून ती कधी जागेवरून उठली नाही. शौचालयात जातानाही डबा कपाटात आणि किल्ली खिशात. मला त्याचा राग यायचा नाही. माझा स्वभावही काही कमी संशयी नाही. शेजाऱ्यानं विनाकारण हसून नमस्कार केला, तर मी आधी कुंपण हललंय का ते पाहून येतो.

आम्ही दोघं विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर, हंबर नदीकडे तोंड केलेल्या खिडकीपाशी वाचनयाद्या करायचो. काम ऐकायला सोपं वाटतं. प्राध्यापक आपल्या मॉड्यूलला, म्हणजे शिकवायच्या विषयाला, लागणाऱ्या पुस्तकांची यादी पाठवतात. आम्ही ती वेबसाइटवर चढवतो. पुस्तक कुठल्या मांडणीवर सापडेल, पडद्यावर उघडत असेल तर कुठून उघडेल, हे प्रत्येकापुढे जोडतो, आणि ते 'आवश्यक' आहे की 'पूरक' तेही लिहितो. आवश्यक म्हटलं की ग्रंथालयाला त्याच्या प्रती घ्याव्या लागतात, म्हणून प्राध्यापक मंडळी स्वतः लिहिलेलं पुस्तक हमखास आवश्यक म्हणून धाडतात. डल्सी ते गुपचूप पूरक करून टाकायची. कुणी तावातावानं फोन केला तर शांतपणे म्हणायची, "वाचून पाहिलं मी. पूरकच आहे."

बाकीचे लोक दिवसाला दहा-पंधरा याद्या उरकायचे. डल्सी चार. ती प्रत्येक पुस्तक स्वतः मांडणीवर जाऊन हातात घ्यायची आणि सांगितलेलं पान उघडून बघायची. पानं दोनशे बारा ते दोनशे चाळीस, असं कुणी लिहिलेलं असावं आणि पुस्तक दोनशे छत्तिसाव्या पानावर संपावं, की तिचा दिवस सोन्याचा. "बघ ट्रेव्हर, या गृहस्थानं पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही!" असं म्हणत ती ते माझ्या नाकासमोर नाचवायची.

हा गुण बापाकडून आला होता. आर्थर ब्लँचर्ड मासळीच्या गोदीवर माल तपासायचा. पेटीचा वरचा थर ताजा लावून खाली कालचे मासे दडपायची तिथं रीतच होती, म्हणून तो कोपरापर्यंत हात घालून तळाचा मासा वर काढायचा. लेकीनं सोळाव्या वर्षी शाळा सोडली, वाटाणे गोठवायच्या कारखान्यात चौदा वर्षं काढली आणि तिशीला पुस्तकं लावायला आमच्याकडे आली. मध्ये एक नवराही होऊन गेला. गाडी चुकली म्हणून उशीर झाला, असं एका संध्याकाळी तो म्हणाला. डल्सीनं वेळापत्रक काढलं. त्या वेळेला गाडीच नव्हती. महिन्याभरात नवराही नव्हता, आणि तिनं बापाचं आडनाव परत लावलं.

आमच्याकडे एक नियम होता. कुठलीही यादी दुसऱ्या माणसानं पाहिल्याशिवाय विद्यार्थ्यांसमोर जायची नाही. माझ्या याद्या डल्सी डोळ्यांत तेल घालून बघायची आणि तांबड्या खुणांनी भरून परत पाठवायची. तिच्या याद्या माझ्याकडे यायच्या, तेव्हा मी 'प्रकाशित करा' हे बटण दाबायचो आणि चहा प्यायला जायचो. तिच्या यादीत बघायचं तरी काय? डोळे मिटून मी उभ्या आयुष्यात कुणावर भरवसा ठेवला असेल तर तो तिच्यावर.

मग ते एआयचं वर्ष आलं. याद्यांमध्ये भलतीच पुस्तकं दिसायला लागली. नाव झकास, लेखक ओळखीचा, प्रकाशक नामांकित, आणि पुस्तक जगात कुठेच नाही. कंटाळलेल्या प्राध्यापकानं यंत्राला सांगायचं की दहा पुस्तकं सुचव, आणि यंत्रानं त्यातली तीन मनानं रचून द्यायची. डल्सीनं त्या ऑक्टोबरात असे दोन जण पकडले. एक तर चांगला पिकल्या केसांचा होता. थेट कुलगुरूंच्या कार्यालयातून तिला आभाराचं पत्र आलं. त्या दिवशी तिनं मला न मागता कस्टर्डचं बिस्किट दिलं. मी ते आधी उलटून पाहिलं आणि मग खाल्लं.

डॉ. लॉइड पेनरींची यादी आली ती नोव्हेंबरात. हा चौतीस वर्षांचा वेल्श माणूस, इतिहास विभागात तीन वर्षांच्या करारावर आलेला. करार जुलैत संपणार होता आणि तो वाढवायचा की नाही हे मार्चमधल्या बैठकीत ठरायचं होतं. बायको इथल्याच शाळेत शिकवायला लागली होती, पोरीला बालवाडीत जागा मिळाली होती. हे सगळं आम्हांला ठाऊक होतं, कारण चहाच्या खोलीत कुणाचं काही झाकून राहत नाही. मासळीच्या गोदीवर काम करणाऱ्या बायकांचा इतिहास हे त्यांचं मॉड्यूल जानेवारीत सुरू व्हायचं होतं. अठ्ठावन्न विद्यार्थ्यांनी नावं घातली होती.

"मुदतीच्या तीन आठवडे आधी पाठवलीय," डल्सी पडद्याकडे बघत म्हणाली.

"मग चांगलं आहे की."

"चांगलं? तीस वर्षांत मला एकानं वेळेवर यादी पाठवलेली नाही. कुठंतरी पाणी मुरतंय."

तेरा पुस्तकं खरी निघाली, पानांसकट. चौदावं होतं 'सुरीवरचे हात'. लेखिका हिल्डा थ्रसेल, साल १९५१, इथल्याच एका चॅपलनं, म्हणजे छोट्या चर्चनं, छापलेलं, पानं एकेचाळीस ते अठ्ठावन्न, आवश्यक. ते आमच्या कॅटलॉगमध्ये नव्हतं, शहराच्या ग्रंथालयात नव्हतं, लंडनला नव्हतं. चॅपल पाडून तिथं गालिच्यांचं दुकान झालं होतं. डल्सीनं दोन दिवस सगळं धुंडाळलं आणि पेनरींना ईमेल केली, की पुस्तक कुठं आहे?

उत्तर तासाभरात आलं. डल्सीनं मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "माझ्या माहितीत एकच प्रत उरली आहे. ती लेखिकेच्या मुलीकडे असते. मुलगी त्र्याण्णव वर्षांची आहे, वृद्धाश्रमात राहते, कधी कधी विसरते आणि पुस्तक हातचं सोडत नाही. मी तिच्याजवळ बसून टिपणं काढली. तुम्ही चला ना माझ्याबरोबर एखाद्या शनिवारी? तिला माणसं आलेली आवडतात."

"झालं!" डल्सीनं टेबलावर हात आपटला. "पुस्तक दाखव म्हटलं, तर हा मला म्हातारीकडे चहाला नेतोय."

"आणि म्हातारीला आठवत नाही," मी तेल ओतलं.

"सोयीस्कर आहे की नाही? साक्षीदार आहे, पण साक्ष देता येत नाही."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. आज ते हसू आठवलं की मला लाज वाटते.

तिनं दुसरी ईमेल पाठवली. पेनरींनी मुखपृष्ठाचा आणि एकेचाळिसाव्या पानाचा फोटो धाडला. डल्सीनं उत्तर दिलं की असं मुखपृष्ठ हल्ली यंत्र दोन मिनिटांत काढून देतं. त्यांनी पुन्हा शनिवारचं विचारलं. तिनं तिसऱ्यांदा पुस्तकच मागितलं, त्यांनी तिसऱ्यांदा चला म्हटलं. त्यानंतर ती ईमेलला उत्तर द्यायची थांबली. ज्याअर्थी हा इतक्या अजिजीनं बोलावतोय त्याअर्थी काळंबेरं नक्की आहे, असं तिचं मत झालं. माझंही झालं.

यादीत प्रत्येक पुस्तकाखाली दोन चौकटी असतात. वरची सूचना विद्यार्थ्यांना दिसते, खालची फक्त ग्रंथालयातल्या लोकांना. डल्सीनं चौदाव्या पुस्तकाखाली लिहिलं, "हे पुस्तक अस्तित्वात नाही. सर्व कॅटलॉग तपासले. डॉ. पेनरींनी ते यंत्राकडून बनवून घेतलेलं दिसतं. खरेदीच्या फंदात पडू नये. डी. ब्लँचर्ड." यादी माझ्याकडे आली. मी बटण दाबलं आणि चहाला गेलो.

टीप वरच्या चौकटीत होती.

जानेवारीत मॉड्यूल सुरू झालं आणि अठ्ठावन्न जणांनी ती वाचली. गुरुवारपर्यंत तिचा फोटो सगळ्या विद्यापीठाच्या फोनवर फिरला. वर्गात एकानं हात वर करून विचारलं म्हणे, "सर, आजचं लेक्चर तुम्ही लिहिलंय की यंत्रानं?" पालकांच्या तक्रारी आल्या. विभागानं पेनरींकडून लेखी खुलासा मागितला. टीप आम्ही त्याच दुपारी काढली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

खरं सांगायचं तर माझा पहिला संशय डल्सीवरच गेला. अकरा वर्षांत जिची चौकट एकदाही चुकली नाही, तिची नेमकी याच वेळी कशी चुकली? तिला तो माणूस उघडा पाडायचा होता, असं मी मनात धरून बसलो. तिला मात्र काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिनं उलट विचारलं असतं, की मग तू काय बघितलंस?

शुक्रवारी पेनरी आमच्या टेबलापाशी आले. ते भांडतील असं मला वाटलं होतं. ते नुसते उभे राहिले.

"मिस ब्लँचर्ड, एकदा तरी यायचं होतं."

"मी तीनदा पुस्तक मागितलं," डल्सी म्हणाली.

"आणि मी तीनदा चला म्हटलं. माझ्याकडे दुसरं देण्यासारखं काही नव्हतंच."

डल्सीनं त्यांच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं, तळाचा मासा बघावा तसं. मग पर्स उचलली. "उद्या किती वाजता?" आणि माझ्याकडे वळून, "तू पण चल. साक्षीदार हवा."

वृद्धाश्रम डल्सीच्या घरापासून बसनं चार थांब्यांवर निघाला. लेखिकेची मुलगी ईना थ्रसेल खिडकीपाशी ब्लँकेट पांघरून बसली होती, मांडीवर हँडबॅग आणि बॅगेवर दोन्ही हात. तिनं पेनरींना ओळखलं नाही. मी मनात म्हटलं, झालं, चोरी पकडली. पण तिनं डल्सीकडे मान वाकडी करून पाहिलं.

"तू कुणाची गं?"

"आर्थर ब्लँचर्डची."

"अगं बाई! त्या खडूस आर्थरची? मेला अख्खी पेटी उपसायचा! आमच्या आईनं त्याला एकदा कॉड माशाचं डोकं फेकून मारलं होतं."

"कानाला लागलं होतं," डल्सी म्हणाली. "वण होता."

म्हातारी खदखदून हसली आणि तिनं बॅग उघडली.

पुस्तक लहानसं होतं, शंभरेक पानांचं. डल्सीनं चष्मा पुसला. कागदाचा वास घेतला, गंजलेल्या पिना नखानं खरवडल्या, पान उजेडात धरलं, मागचं छापखान्याचं नाव वाचलं. मग एकेचाळीस ते अठ्ठावन्न ही पानं तिनं खुर्चीत बसून सगळी वाचली. बायका गार पाण्यात हात घालून दिवसाला किती मासे चिरायच्या, बोटांना कसल्या चिंध्या बांधायच्या, रडू आलं तर कुठं जाऊन रडायच्या, ते सगळं त्यात होतं. अर्ध्या तासानं तिनं पुस्तक मिटलं.

"पानं बरोबर आहेत," ती पेनरींना म्हणाली. माफी मागायची तिला सवय नव्हती. तिला येत होतं ते तिनं सांगितलं.

मग ती ईनाजवळ वाकली. "मला हे चार दिवस मार्चमध्ये लागेल. देशील?"

पेनरींना दोन वर्षांत एक दिवसही न मिळालेलं पुस्तक म्हातारीनं लगेच द्यायचं कबूल केलं. "आर्थरच्या पोरीला देते. तो खडूस होता, पण त्यानं कुणाचं काही ठेवून घेतलं नाही."

परतीच्या बसमध्ये मी एकदाचं विचारलं. "डल्सी, ती टीप तू मुद्दाम वर टाकलीस का?"

"मी सगळ्यांचं तपासते, ट्रेव्हर. माझं मी कधी तपासलं नाही. गरजच वाटली नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू का नाही पाहिलंस?"

"तुझी यादी होती म्हणून."

"मूर्ख माणसा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, रागानं की कशानं ते मला कळलं नाही.

मार्चमधल्या बैठकीत डल्सीनं स्वतःहून वेळ मागून घेतला. विभागप्रमुख प्रोफेसर ऑड्री कॅव्हर्ली, एचआरचा एक माणूस, समोर डल्सी, आणि साक्षीदार म्हणून मी. डल्सीनं पुस्तक टेबलावर ठेवलं. "हे पुस्तक खरं आहे. टीप मी लिहिली आणि चुकीच्या चौकटीत लिहिली. जे झालं ते माझ्यामुळं झालं. त्याची शिक्षा त्या माणसाला देऊ नका."

इथं मी बोलायला हवं होतं, की ते बटण मी दाबलं, न बघता दाबलं. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो.

कॅव्हर्लीबाईंनी पुस्तक दोन बोटांनी उचललं. बाई वाईट नव्हत्या, आवाजही गोड होता. "मिस ब्लँचर्ड, हे आहे कुठल्या कॅटलॉगमध्ये?"

"कुठल्याच नाही."

"डॉ. पेनरींना तुम्ही लिहिलंत की असं मुखपृष्ठ दोन मिनिटांत बनवता येतं. मग असं पुस्तक बनवायला किती दिवस लागतील?"

"कागद बघा की. पिना गंजल्यात."

"जुना कागद मिळतो बाजारात."

"लेखिकेची मुलगी जिवंत आहे. मी भेटले तिला."

"ती कधी कधी विसरते, असं पेनरींनीच लिहिलंय. आणि तुमची आणि तिची जुनी ओळख निघाली म्हणे?"

"माझ्या वडिलांची होती."

"मग बघा." बाईंनी पुस्तक हलकेच परत सरकवलं. "मी त्यांना खोटं ठरवत नाही. पण आता पोरं त्यांच्या तोंडावर हसतात. आणि या विद्यापीठात पुस्तक खरं की खोटं हे ज्यांना विचारायचं त्या तुम्ही. तुम्ही नोव्हेंबरात नाही म्हणालात, मार्चमध्ये हो म्हणताय. मी यातलं कुठलं धरू?"

कॅटलॉग, मुखपृष्ठ, कागद, साक्षीदार, सगळे तिचेच प्रश्न होते आणि तिनं विचारले असते त्याच क्रमानं आले होते. डल्सीनं पुस्तक उचललं. पेनरींचा करार वाढला नाही. त्याच दुपारी ठरलं. कागद नंतर आला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पेनरी बाकावरून उठले. त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून कळलंच असावं, तरी डल्सीनं शब्दांत सांगितलं. "नाही ठेवला विश्वास. त्यांच्या जागी मी असते तर मीही ठेवला नसता."

त्यांनी मान हलवली. त्यांना माझ्याकडेही बघायचं होतं की काय कोण जाणे, मी भिंतीवरची सूचना वाचत होतो. मग त्यांनी विचारलं, "तुमचा बसला ना पण? पुस्तकावर?"

"हो."

"कागदामुळं? पिनांमुळं?"

डल्सीनं पुस्तक छातीशी धरलं होतं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि तेव्हाही बोलली नाही.

"नाही," ती म्हणाली. "त्या म्हातारीनं ते मला न तपासता दिलं."